चिंबोरी पिशवीत टाकायच्या आधी उलटी करून बघा: कोकण किनाऱ्यावरचे खेकडे कसे ओळखायचे आणि नियम काय पाळायचे

गणपती झाले, पाऊस उघडला की खाडीच्या पुलांवर, जेट्टीवर, खाजणाच्या (खाडीकाठच्या खारट जमिनीच्या) बांधावर माणसं दिसायला लागतात. हातात दोरी, दोरीला लोखंडी रिंगची जाळी आणि जाळीत बांगड्याचं डोकं नाहीतर कोंबडीची कातडी. चिंबोरी कशी पकडायची ते सांगणारे खूप भेटतील, यूट्यूबवर तर ढीग पडलाय, पण जाळीत आलेली चिंबोरी नेमकी कुठली, ती ठेवायची का सोडायची हे बघणारे फार कमी. म्हणून हे सविस्तर लिहितेय. हौस म्हणून, घरच्या कालवणापुरतं पकडणाऱ्यांसाठी आहे हे, धंदा करणाऱ्या आपल्या कोळी-आगरी-गाबीत भावंडांना यातलं बरंचसं माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं.

नावांचा घोळ आधी मिटवू. मुंबई, ठाणे, रायगडकडे चिंबोरी, खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुर्ली, डोंगरात ओढ्याला आणि शेताच्या बांधात मिळतात ते मुठे किंवा किरवे. मी इथे समुद्र-खाडीतल्या खायच्या जातींना चिंबोरी म्हणणार आहे.

सगळ्यात आधी मागचे पाय बघा

खेकड्याला नांग्या धरून पायांच्या पाच जोड्या असतात. शेवटची जोडी बघा, टोकाला चपटी, वल्ह्यासारखी आहे का? असेल तर तो पोहणाऱ्या खेकड्यांच्या कुळातला, आणि आपल्याकडे बाजारात येणाऱ्या जवळपास सगळ्या चिंबोऱ्या याच कुळातल्या. मागचे पाय टोकदार असतील तर तिथेच थांबायचं, तो खडकावरचा, वाळूतला नाहीतर तिवरातला (कांदळवनातला) कुणीतरी आहे आणि त्याला न्यायचं काही कारण नाही. एक अपवाद लक्षात ठेवा, मटुटा नावाचा वाळूत राहणारा फिकट पिवळसर, बारीक ठिपक्यांचा छोटा खेकडा असतो, त्याचे सगळेच पाय चपटे असतात आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब काटा असतो. ओहोटीला पायाखालची वाळू सळसळली आणि बघता बघता कोणीतरी आत घुसलं तर बहुतेक तोच. मांस काहीच नसतं त्यात, सोडून द्या.

आता पोहणाऱ्यांमधले कोण कोण ते.

खाडीतली काळी चिंबोरी

हीच ती मोठी, जड, चिखलातली, जिच्यासाठी लोक रात्र जागतात. शास्त्रीय नाव स्किला. आपल्या देशात हिच्या दोन जाती मिळतात आणि लोक दोन्हीला एकच समजतात. एक स्किला सेराटा, ही मोठी वाढते, दोन किलोच्या वरसुद्धा जाते. दुसरी स्किला ऑलिव्हेशिया, ही लहान असते आणि नांग्यांवर तांबूस-केशरी झाक असते. रंगावर मात्र विसंबू नका, चिखल कसला, पाणी किती खारट, तिवरं किती दाट यावर एकाच जातीच्या चिंबोरीचा रंग हिरवट, काळपट, तपकिरी असा बदलतो.

पक्की खूण नांगीच्या मनगटावर आहे. नांगीचा पुढचा मोठा पंजा जिथे जोडलेला असतो त्याच्या मागचा तो छोटा सांधा, त्याच्या बाहेरच्या कडेला बोट (चिंबोरी बांधलेली असतानाच!) फिरवून बघा. दोन स्पष्ट टोकदार काटे लागले तर सेराटा. काटा नाहीच, किंवा एखादा बोथट उंचवटा लागला तर ऑलिव्हेशिया. दुसरी खूण दोन डोळ्यांच्या मधे, तिथे चार दात असतात, सेराटाचे उंच आणि टोकाकडे निमुळते, ऑलिव्हेशियाचे बुटके आणि गोलसर. तिसरी खूण बघायला चिंबोरीवर थोडं पाणी ओता, चिखल निघून गेला की सेराटाच्या सगळ्या पायांवर जाळीसारखी नक्षी दिसते, मागच्या वल्ह्यांवर तर फारच सुंदर दिसते, दुसरीच्या पायांवर ती नसते किंवा अगदी पुसट असते.

हे सगळं बघायचं कशाला, तर जी मोठी होणारी जात आहे तिची १० सेंटीमीटरची चिंबोरी म्हणजे अजून पोर आहे, तेवढ्याच मापाची दुसरी जात मात्र वयात आलेली असू शकते. माप एकच दिसतं पण अर्थ वेगळा.

समुद्रातल्या, किनाऱ्याजवळच्या चिंबोऱ्या

या ओळखायला खाडीवालीपेक्षा सोप्या. तीन मुख्य.

निळी चिंबोरी, पोर्ट्युनस पेलाजिकस. नर झकास निळा, पाठीवर पांढरट चट्टे, लांब बारीक नांग्या. मादी मात्र हिरवट-तपकिरी, त्यामुळे लोकांना ती वेगळीच जात वाटते. पाठीच्या कडेला दोन्ही बाजूंना नऊ-नऊ दात, त्यातला शेवटचा लांब काट्यासारखा बाहेर आलेला.

तीन ठिपक्यांची, पोर्ट्युनस सँग्विनोलेंटस. पाठीच्या मागच्या अर्ध्या भागावर तीन लालसर-काळे ठिपके, भोवती पांढरी कडा. हिला ओळखायला काही अक्कल लागत नाही, एकदा बघितली की विसरत नाही माणूस.

क्रॉसवाली, कॅरिब्डिस फेरियाटा. तांबूस-तपकिरी पाठ आणि मधोमध पांढरट क्रॉस, पायांवर पट्टे. हिच्या कडेचे दात मोजलेत तर प्रत्येक बाजूला सहाच मिळतील आणि शेवटचा दात लांब काटा नसतो. पोर्ट्युनस का कॅरिब्डिस अशी शंका आली तर दात मोजा, नऊ का सहा, विषय संपला. कॅरिब्डिसच्या अजून छोट्या जातीपण आपल्याकडे खडकात आणि जाळ्यात येतात, त्या लहानच राहतात, घरी नेण्याइतकं काही नसतं.

ज्यांना फक्त बघायचं

वाळूवर रात्री पळणारा, डोळ्यांवर शिंग असलेला तो ऑसिपोड. चिखलावर एक नांगी प्रचंड मोठी आणि ती हलवत बसलेला तो फिडलर खेकडा, मोठी नांगी फक्त नराला असते आणि ती खायच्या कामाची नाही, मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला दम द्यायला असते, खातो तो छोट्या नांगीने. वाळूच्या बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते ओहोटीला, ती करणारे चण्याएवढे खेकडे वेगळे. शंखात राहणारे वेगळे. पोरांना हे दाखवा, तासभर बसलं तरी कंटाळा येत नाही, पण बाटलीत भरून मुंबई-पुण्याला आणू नका, वाटेतच मरतात.

काळ्या बोटांचा खडकातला खेकडा: याला हात लावू नका

हा भाग नीट वाचा. खडकाळ किनाऱ्यावर, कपारीत, दगडाखाली काही खेकडे मिळतात, पाठ गुळगुळीत, रुंद, पंख्यासारखी किंवा अंडाकृती, रंग लालसर, तपकिरी किंवा नक्षीचा, हालचाल संथ, आणि नांगीची बोटं टोकाला काळी. अॅटरगॅटिस वगैरे यांची नावं. या कुळातल्या काही जातींच्या मांसात सॅक्सिटॉक्सिन आणि टेट्रोडोटॉक्सिन ही विषं असतात, दुसरं म्हणजे फुगा माशातलं जे विष तेच. शिजवून, उकळून, तळून, कितीही मसाला घालून ती जात नाहीत. यातल्या सगळ्याच जाती विषारी नाहीत हे खरं, पण किनाऱ्यावर उभं राहून कोणती विषारी आणि कोणती नाही हे तुम्हाला-मला ठरवता येणार नाही, म्हणून सरसकट सगळ्या सोडायच्या.

असा खेकडा खाल्ल्यावर ओठ, जीभ बधिर होणं, मुंग्या येणं, उलटी, हातापायातला जोर जाणं असं काही वाटलं तर लिंबूपाणी, काढा यात वेळ घालवू नका. या विषावर उतारा नाही, श्वास चालू ठेवायला मशीन लागू शकतं, म्हणून थेट मोठ्या हॉस्पिटलला जायचं आणि काय खाल्लं ते स्पष्ट सांगायचं, उरलेला तुकडा किंवा फोटो असेल तर घेऊन जायचं.

आता उलटी करा

पाठीवरून जात कळते, पोटावरून बाकी सगळं. चिंबोरी उलटी केली की पोटाला चिकटलेली एक झडप दिसते. अरुंद, निमुळती त्रिकोणी असेल तर नर. रुंद, गोलाकार, पोट जवळजवळ झाकणारी, कडेला केसांची झालर आणि रंगाने गडद असेल तर पूर्ण वाढलेली मादी. आणि त्रिकोणी आहे पण नरापेक्षा रुंद, कडा सरळ, रंग फिकट असं मधलंच काहीतरी दिसलं तर ती अजून वयात न आलेली मादी, तिला सोडायलाच हवं कारण तिने एकदाही अंडी घातलेली नाहीत.

झडपेखालून स्पंजासारखा गोळा बाहेर आलेला दिसला तर ती अंडी. सुरुवातीला पिवळी-केशरी असतात, मग तपकिरी होतात आणि फुटायच्या सुमारास काळपट-राखाडी दिसतात, कारण तेव्हा आतल्या पिल्लांचे डोळे तयार झालेले असतात. काळी अंडी म्हणजे दोन-चार दिवसांत पिल्लं पाण्यात सुटणार. खाडीतली मोठी मादी एका वेळी दहा लाखांच्या वर अंडी धरू शकते आणि ती सोडायला ती खाडीतून बाहेर खुल्या समुद्राकडे जाते. म्हणजे खाडीच्या मुखाशी तुमच्या जाळीत आलेली अंडीवाली मादी हा सगळा प्रवास करत असते, तिला अलगद परत सोडा. चिंबोरीच्या आतली जी केशरी लाख आपण आवडीने खातो ती वेगळी, ती पाठीच्या कवचाखाली असते आणि बाहेरून दिसत नाही. लाखेची चिंबोरी खायला माझा विरोध नाही, पण मी स्वतः मोठे नर ठेवते आणि माद्या शक्यतो सोडते, मांस नरात जास्त, नांग्या मोठ्या, त्यामुळे कालवणाचं काही बिघडत नाही.

भरलेली आहे का पोकळ तेही इथेच बघून घ्या. चिंबोरी कात टाकते, जुनं कवच सोडून मऊ कवचात बाहेर येते आणि पाणी ओढून फुगते, तेव्हा दिसायला मोठी पण आत पाणीच पाणी. पोटाकडून पायांच्या मुळाशी अंगठ्याने दाबा, दबलं तर पोकळ. आपल्याकडे अवसेला भरलेली आणि पुनवेला पोकळ असं म्हणतात, पण तिथीपेक्षा अंगठा खरा. दाबली गेलेली चिंबोरी सोडा, काही आठवड्यांनी तीच कुणालातरी भरलेली मिळेल. आणि मोठा नर छोट्या मादीला पोटाखाली धरून आला तर ती जोडी आहे, मादी कात टाकल्यावरच त्यांचं मीलन होतं आणि तोवर नर तिला सांभाळत असतो. जोडी फोडू नका.

नियम काय आहेत

महाराष्ट्रात समुद्री मासेमारीसाठी १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. दोरी-जाळी घेऊन किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ही बंदी लागू होत नाही, पण त्या दोन महिन्यांत समुद्र तुम्हाला तसाही उभं राहू देत नाही, मोठ्या भरतीच्या दिवशी खडकावर, जेट्टीच्या टोकाला अजिबात जायचं नाही.

मापाचं. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी पकडायचं किमान माप ठरवून दिलं, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन खेकड्यांची मापं विचारून घ्या आणि मोबाईलमध्ये ठेवा. माप घ्यायचं ते पाठीच्या कवचाचं, आडवं, एका कडेच्या शेवटच्या काट्याच्या टोकापासून दुसऱ्या कडेच्या टोकापर्यंत, पाय-नांग्या धरायच्या नाहीत. माझा घरचा नियम थोडा कडक आहे, खाडीतली काळी चिंबोरी १२ सेंटीमीटरच्या खाली आणि समुद्रातली १० च्या खाली असेल तर परत. सापळ्याच्या काठीवर १० आणि १२ ला दोन रेघा मारून ठेवल्यात, अंधारात पट्टी शोधत बसावं लागत नाही.

जागेचं. हा मुद्दा लोक सर्रास विसरतात. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा मालवण सागरी अभयारण्याचा भाग १९८७ पासून संरक्षित आहे, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय कुठलाही प्राणी पकडता येत नाही, तिथे खेकडाही प्राणीच. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने कांदळवन तोडायला बंदीचा निकाल दिलाय, तेव्हा वाट करायला तिवराची एक फांदीसुद्धा तोडायची नाही आणि बीळ उकरताना मुळं कापायची नाहीत. खरं तर बीळ उकरूच नका, पुढच्या वर्षी त्याच बिळात दुसरी चिंबोरी येते. मालवणकडे दगड उलटवताना प्रवाळ आहे का ते बघा, प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. बंदर, नौदलाच्या आणि कंपन्यांच्या जेट्टीजवळ जाऊच नका.

वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री वाळूवर टॉर्च मारत खेकडे शोधत फिरू नका, उजेडाने मादी परत फिरते आणि पिल्लं भरकटतात.

आणि खाजणं, बांध, कोळंबीची तळी ही बऱ्याचदा कुणाच्या तरी मालकीची नाहीतर भाड्याने घेतलेली असतात. गावात विचारा, मच्छीमार सोसायटी असेल तर तिथे विचारा. ज्या बाई रोज सुकतीला (ओहोटीला) चिखलात उतरून चिंबोऱ्या काढतात आणि त्यावर घर चालवतात, त्यांच्या जागेवर सुट्टीत आलेल्या चारजणांनी जाळ्या टाकू नयेत, दुसऱ्याच्या सापळ्याला तर हात लावायचाच नाही. विकायचा विचार असेल तर मग तो धंदा झाला, त्याची परवानगी वेगळी.

डोंगरातले मुठे-किरवे

पहिल्या पावसात हे बाहेर पडतात आणि लोक बत्त्या घेऊन निघतात. यांचं चक्र चिंबोरीपेक्षा अगदी वेगळं आहे. लाखो अंडी नाहीत, थोडीच आणि मोठी अंडी, त्यातून थेट इवले इवले खेकडेच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या झडपेखालीच राहतात. झडप उघडली की आत पिल्लांची गर्दी दिसते, अशी मादी नेली म्हणजे त्या ओढ्याची पुढची पिढी गेली. सह्याद्रीत रंगीत, छोट्या खेकड्यांच्या जाती आहेत, घाटियाना हा गट तर २०१४ मध्ये नोंदवला गेला आणि यातल्या काही जाती एखाद्या सड्यापुरत्या, एखाद्या घाटापुरत्याच सापडतात. केशरी, जांभळा, पांढरा असा चमकदार खेकडा कड्याच्या भोकात दिसला तर फोटो काढा आणि पुढे जा. खायचे काळपट-तपकिरी मुठे आणले तर पूर्ण शिजवा, अर्धकच्चे नको, गोड्या पाण्याच्या खेकड्यातून फुफ्फुसात जाणारा परजीवी असतो.

पाणी कधी, आणि पकडल्यावर काय

भरतीची वेळ ॲपवर मिळते पण जुनी रीत अजून चालते, तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे साधारण तीन वाजता भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी. जाळी पाणी चढायला लागल्यावर टाका, चिंबोऱ्या तेव्हा खायला बाहेर पडतात. अवस-पुनवेच्या उधाणाला प्रवाह जोरात असतो, जाळी वाहून जाते, नवख्यांना अष्टमीच्या आसपासचं भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं पाणी बरं. चिखलात एकट्याने उतरायचं नाही आणि पाणी चढायला लागलं की बाहेर यायचं, खाडीत पाणी समोरून नाही, मागच्या चरांमधून भरतं आणि परतीची वाट आधी जाते.

धरताना मागून, अंगठा पोटाखाली आणि बाकीची बोटं पाठीवर. मोठ्या नराची नांगी बोट मोडू शकते, म्हणून पायाने हलके दाबून आधी नांग्या सुतळीने बांधा. नांगी तोडून चिंबोरी सोडून देणं हा काही दयेचा प्रकार नाही, नांगी परत येते पण त्याला काही काती जाव्या लागतात आणि तोवर तिला खाणं आणि लढणं दोन्ही जड जातं.

नेताना ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा. बादलीभर साठलेल्या पाण्यात ठेवू नका, त्यातला प्राणवायू संपला की सगळ्या गुदमरून मरतात, ओलसर हवेत मात्र छान टिकतात. मेलेली चिंबोरी फार पटकन खराब होते, घरी पोचेपर्यंत मेली असेल आणि कधी मेली ते माहीत नसेल तर टाकून द्या. जी सोडायची ती पुलावरून खाली भिरकावू नका, काठाशी जाऊन पाण्यावर ठेवा, आणि निघताना दोऱ्या, जाळ्या, सापळे मोजून गोळा करा, पाण्यात राहिलेला सापळा कोणी उचलायला नसताना पण चिंबोऱ्या पकडत राहतो.